पंख्याखालचं सोनं

१

वर्ख लावायची वेळ झाली की दुकानातला पंखा बंद व्हायचा आणि अश्विनचं तोंडही. पंख्याला बटन होतं, अश्विनला रचनाची एक नजर पुरायची. बालाघाटात काली पुतली चौकातून आत वळलं की या नवराबायकोचं मिठाईचं दुकान लागतं. अश्विन पेढे वळेल, पाक ओढेल, गिऱ्हाइकाशी गप्पा हाणता हाणता दूध उतू घालवेल, पण वर्खाला त्याने हात लावला की त्याचा चोळामोळा होऊन गोळीच व्हायची. तो चांदीचा पातळ कपटा रचनाच्याच हातचा. कागद उलटा धरायचा, श्वास रोखायचा आणि एकदाच टेकवायचा. वडीवर सुरकुती म्हणून दिसायची नाही. लग्नसराईत लोक बर्फी अश्विनची मागायचे आणि वर्ख वहिनींचा.

हा स्थिर हात तिला बाबांकडून आला, असं घरात सगळे म्हणायचे. पुनाराम भरवेलीच्या खाणीतून निवृत्त झाले आणि बायको गेल्यावर या एकुलत्या एका लेकीकडे राहायला आले. तरुणपणी ते चालत्या बसमध्ये सुईत दोरा ओवून दाखवायचे. आता त्यांचा उजवा हात त्यांचं ऐकेनासा झाला होता. अंगठा पहिल्या बोटावर घासत राहायचा, दोनदा लवकर, जरा थांबून एकदा, तंबाखू मळल्यासारखा. जन्मात ज्याने तंबाखूला शिवलं नाही त्याच्या वाट्याला हे यावं, याचा रचनाला फार राग यायचा. कप तोंडाशी जाईपर्यंत अर्धा चहा सदऱ्यावर सांडायचा. म्हणून त्यांनी चारचौघांत चहा पिणंच सोडलं. कोणी आग्रह केला तर पित्त होतं म्हणून सांगायचे. चहा सुटला तसे हळूहळू चारचौघेही सुटले. दिवसभर खाटेवर बसून ते एका हाताने दुसरा हात दाबून धरायचे.

असा हा माणूस एकेकाळी मोठं प्रस्थ होता. भीमजयंतीला माइक हातात आला की अंधश्रद्धेची सालं काढायचा. चिचटोल्याच्या विहारावर तर पुनारामांचं बोलणं ठरलेलंच. लांजी रोडवरच्या त्या गावात थायलंडहून आलेली बुद्धाची सोनेरी मूर्ती आहे, गोंदियापासून तुमसरपर्यंतची माणसं ती पाहायला येतात, इथवर त्यांची हरकत नव्हती. मूर्तीबरोबर तिला सोन्याचा वर्ख लावायची तिकडची रीत आली, तेही त्यांनी चालवून घेतलं. पण तिकडच्या रीतीतलं एकच टोक इकडच्या लोकांनी घट्ट धरून ठेवलं होतं. आपलं जे दुखतं, मूर्तीच्या त्याच जागी वर्ख लावायचा. गुडघा दुखला तर गुडघ्यावर, छाती भरली तर छातीवर. बुद्धाला डॉक्टर करून टाकलं या लोकांनी, असं ते म्हणायचे आणि सभा हसायची.

पौषातल्या एका सकाळी तेच पुनाराम भिंतीकडे पाहत म्हणाले, "पुनवेले चिचटोल्याले जाऊन येऊ का रचू? पाहाले काय जाते."

बाबांनी हरलेलं रचनाला बघवत नव्हतं. पण त्यांना तोंड लपवायला जागा द्यायला हवी होती, म्हणून ती लगेच म्हणाली, "हौ, जाऊ. मले भी पाह्याचं हाय, उभ्या मूर्तीले वर्ख कसा लावतेत ते."

हे तर खरंच होतं. आडव्या ताटात वर्ख लावताना लोकांची भंबेरी उडते, इथे उभ्या अंगावर गावची गावं लावत होती.

२

मूर्ती उभी नव्हती, बसलेली होती. विहाराच्या मोठ्या खोलीत समोरच्या ओट्यावर, उजवा हात गुडघ्यावरून खाली सोडून बोटं जमिनीला टेकवलेली. चेहरा गुळगुळीत आणि शांत. मान खाली घालून कोणी आपलंच बोलणं ऐकून घेत असावं तसा. रचना थोडा वेळ बघतच राहिली. एवढी सुंदर मूर्ती तिने कधी पाहिली नव्हती. मग तिची नजर खाली गेली. गुडघ्यांवर वर्खाचे थर बसून बसून ते जाड झाले होते, सुजल्यासारखे. या मुलखातली निम्मी माणसं धानाच्या बांधीत, चिखलात वाकून गुडघे घालवतात, तेव्हा यात नवल काहीच नव्हतं.

नवल दुसरंच होतं. मूर्तीच्या बरोबर डोक्यावर मोठा पंखा फिरत होता, आणि तोही पूर्ण वेगात.

बाहेर थंडी अशी की बसमधून उतरताना पुनारामांचे दात वाजत होते. आत बसलेली माणसं मफलर आणि शाली गुंडाळून होती. तरी पंखा चालू. रचनाच्या हाताला नुसती खाज सुटली. ज्या घरात वर्ख लावायचा तिथे पंखा? अश्विनने असं केलं असतं तर ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नसती.

विहाराची देखभाल करणारी गोदाबाई दाराशी बसली होती. पांढरं लुगडं, ठेंगणी, एका डोळ्यातून सारखं पाणी. रचनाने जयभीम घातला आणि पंख्याचं विचारलं.

"अगरबत्तीचा धूर जाते ना, बाई," गोदाबाई डोळा पुसत म्हणाली.

खिडक्या तर सताड उघड्या होत्या. पण पहिल्याच भेटीत म्हातारीशी वाद कोण घालणार?

पंख्यामुळे व्हायचं तेच होत होतं. मूर्तीवरच्या वर्खाच्या कडा सुटून फडफडत होत्या, अधूनमधून एखादा कपटा निघून हवेत गिरक्या घ्यायचा. आणि लोकांना त्याचंच अप्रूप होतं. कपटा उडाला की माना वर व्हायच्या. ज्याच्या अंगावर तो बसेल त्याला सोनं लागलं म्हणायचे. मग शेजारचे त्याला हात लावून घ्यायचे, बाया आपली लेकरं उचलून वर धरायच्या. कोणाच्या तरी मानेवर एक कपटा बसला तसा तो गडी लाजून हसला. खोलीभर आनंद झाला. रचनाही हसली. चांगलीच रीत होती, फुकटचं सुख.

ज्याचं त्याने लावायचं असा नियम होता. दाराजवळच्या पेटीतून पुनारामांनी एक कागद घेतला, पण त्यांच्या हातात तो कागदच ठरेना. मागे रांग होती, लोक बघत होते, त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. रचनाने पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं. दोघांच्या हाताने मिळून त्यांनी तो वर्ख मूर्तीच्या उजव्या हातावर, अंगठ्याच्या वरच्या बाजूला टेकवला. तिने सवयीने श्वास रोखला होता. वर्ख बसला, सुरकुती न पडता, काजूकतलीवर बसावा तसा.

बाबांना धरून ती वळली आणि सहज मागे पाहिलं. त्या वर्खाची कड उचलली होती आणि थरथरत होती. रचनाला ते लागलं. तिच्या हातचा वर्ख आजवर कधी फडफडला नव्हता.

३

आठवडा गेला आणि बाबांचा हात थांबला.

एका दिवसात नाही. आधी रात्री शांत राहायला लागला, मग जेवताना, आणि एके दिवशी सकाळी रचना चहा घेऊन आली तर पुनारामांनी उजवा हात पुढे केला. कप घेतला, तोंडाला लावला, खाली ठेवला. बशीत एक थेंब नव्हता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. रचना आत गेली, मोरीचा नळ सोडला आणि पोटभर रडली.

गोंदियाच्या डॉक्टरने गोळ्या बदलल्या होत्या, त्यांचा गुण आला असं पुनाराम सगळ्यांना सांगत सुटले. रचनाही मान डोलवायची. गोळ्या खरंच बदलल्या होत्या. आता ते रोज संध्याकाळी चौकातल्या टपरीवर जाऊन उभ्याने चहा प्यायचे, गरज नसताना दुसरा मागवायचे. जुने खाणीतले सोबती भेटायला लागले. म्हातारा दहा वर्षांनी लहान झाला, असं अश्विन म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं.

रचनाने तिथेच थांबायला हवं होतं. देवाने दिलं आणि कर्माने नेलं, असं व्हायला नको म्हणून शहाणी माणसं अशा वेळी गप्प बसतात. पण ती पुनारामांची लेक होती. पाहिल्याशिवाय मानायचं नाही, हे तिला बाळकडूतच मिळालेलं. तिच्या मनातून तो पंखा जात नव्हता.

एका दुपारी तिने उरलेल्या बर्फीच्या ताटावर वर्ख लावला, मुद्दाम कडा सुट्या ठेवल्या आणि दुकानातला पंखा पूर्ण वेगात सोडला. अश्विन आतून धावत आला आणि तिच्या कपाळाला हात लावून ताप बघायला लागला. तिने त्याला हातानेच बाजूला सारलं. ताटातले वर्ख वाऱ्याने एकाच अंगाला झुकत होते, एकदम उठत होते, एकदम बसत होते, बांधीतल्या धानासारखे. ती बराच वेळ बघत राहिली.

चिचटोल्याला तसं नव्हतं. आता तिला नीट आठवलं. तिथे गुडघ्यावरचे वर्ख वेगळे हलत होते, छातीवरचे वेगळे, हातावरचा तर अगदीच वेगळा. मूर्ती काही ताटासारखी सपाट नाही, तिने स्वतःला समजावलं, वारा खाचखळग्यांतून वळत असेल. समजूत चांगली होती. फक्त ती पटत नव्हती.

४

लांजीला एका लग्नाची ऑर्डर ठरवायची होती. ते निमित्त करून ती एकटीच निघाली आणि परतताना चिचटोल्याला उतरली. भर दुपार, विहारात कोणीच नाही. गोदाबाई फरशी झाडत होती. पंखा चालू होता.

रचनाने वंदन केलं आणि तिथेच बसून राहिली. झाडू फिरत होता, पण सुपलीत आलं ते फक्त अगरबत्तीची राख आणि पिंपळाची पानं. इतका वर्ख उडतो, तर खाली सोनं का नाही, असं तिने विचारलं.

"खाली पडतच नाही ना ते," गोदाबाई सुपली आपटत म्हणाली. "कोनावर ना कोनावर बसते. मले भी लागलं होतं मागच्या वैशाखात. इथं." तिने पाणी गळणाऱ्या डोळ्याखाली बोट ठेवलं. "कटंगीची एक बाई डोळ्याचं लावून गेलती, तिचंच असन. ते आता चष्म्याबिगर तांदूळ निवडते म्हनतेत."

"अन् तुमचा डोळा, आजी?"

"माझा तवापासून गळून राह्यला. म्हातारपन, दुसरं काय." ती हसली, पण हसताना रचनाकडे पाहिलं नाही.

रचनाने दोन आणि दोन जुळवले आणि लगेच स्वतःवर चिडली. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यातून पाणी येतं, यात कसलं आलंय गूढ? ती उठून मूर्तीजवळ गेली. बाबांचा वर्ख शोधावा लागला नाही. तो अर्धा सुटला होता. एका कोपऱ्यावर लटकून फडफडत होता, आज ना उद्या जाणार असा.

तेवढ्यात वीज गेली.

गावातली पिठाची गिरणी बंद पडली, तिचा आवाज गेल्यावर कळलं की तो इतका वेळ येत होता. पंखा मंदावला, पाती वेगवेगळी दिसायला लागली, मग थांबली. खिडकीबाहेर पिंपळाचं पान हलत नव्हतं. त्या शांततेत तिला एक बारीक सुळसुळ ऐकू आली. तो आवाज तिच्या चांगल्या ओळखीचा होता. वर्खाचे कागद चाळताना तसाच येतो.

मूर्तीवरचे वर्ख हलतच होते.

गुडघ्यांवरचे बारीक थडथडत होते. छातीवरचा एक मोठा तुकडा हळू वर यायचा, वरच अडकून राहायचा आणि मग धपकन खाली बसायचा, दम्याच्या माणसाला श्वास पुरत नाही तसा. आणि हातावरचा तिचा स्वतःचा वर्ख. दोनदा लवकर, जरा थांबून एकदा. दोनदा लवकर, जरा थांबून एकदा.

ती घाबरली, पण पाय मागे गेले नाहीत. वर्ख हलका असतो, तो कशानेही हलतो, तिच्या उच्छ्वासानेही हलेल. तिने श्वास रोखला. वर्खाखालचा हात तरी स्थिर आहे ना, एवढंच बघायचं म्हणून ती वाकली. मूर्तीची बोटं जमिनीला टेकलेली, सरळ. मागच्या वेळी अंगठाही सरळच होता, बाजूला, तिने स्वतः त्याच्या वर वर्ख टेकवला होता. आता तो पहिल्या बोटाला लागून होता.

मागून एक ओला, थंड पंजा येऊन तिच्या डोळ्यांवर बसला.

"पाहू नोको, बाई," गोदाबाई कानाशी म्हणाली. "येते लाइट आता."

दोघी तशाच उभ्या राहिल्या. गिरणी पुन्हा सुरू झाली, डोक्यावर वारा आला, तेव्हा म्हातारीने हात काढला. वर्ख फडफडत होते, पंख्याखाली कोणतेही वर्ख फडफडतील तसे. अंगठ्याकडे रचनाने पुन्हा पाहिलं नाही.

"पंखा काहून लावता, आजी? खरं सांगा."

गोदाबाईने पदराने डोळा टिपला. "चालू राह्यला म्हंजे बरं दिसते."

५

बसमध्ये तिने स्वतःशी पुनारामांच्या आवाजात वाद घातला. उन्हातून आलेल्या डोळ्यांना भास होतो. धातू थंडीने आक्रसतो. एका म्हातारीचा डोळा आणि एका बाईचा चष्मा, यावरून कोणी सिद्धांत मांडत नाही. सभेत हे सगळं टाळ्या घेऊन गेलं असतं.

चौकात उतरली तर समोर टपरीवर बाबा. ते खाणीतल्या सोबत्यांना कसलीशी गोष्ट सांगत होते, उजव्या हातातला कप हवेत फिरवत होते आणि एक थेंब सांडत नव्हता. तिला पाहून त्यांनी कप उंचावला. त्या क्षणी रचनाला कळलं की ती त्यांना हे कधीच सांगणार नाही.

मग करायचं काय? वर्ख काढून आणावा तर ठेवायचा कुठे? तसाच सोडावा तर माघी पुनवेला तिथे गर्दी लोटणार, आणि तो उडणार, आणि कोणाच्या तरी अंगावर बसणार. तो माणूस हसेल, शेजारचे त्याला हात लावून घेतील. ती हे मानत नव्हती. तरीही ते चित्र डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. शेवटी तिने तिच्या धंद्यातला उपाय काढला. सुटलेला वर्ख पुन्हा बसवता येतो. त्यावर तोंडाची जराशी वाफ सोडायची, कापसाच्या बोळ्याने दाबायचा. दरवर्षी जाऊन दाबत राहायचं. बाप आहे तोवर.

पुनवेला विहारात लवकर पोचायचं आणि गर्दीच्या आधी काम उरकायचं, असं ठरवून तिने पर्समध्ये कापूस ठेवला.

६

पण लांजी रोडवर त्या दिवशी बसमध्ये माणसाला माणूस चिकटून होता, आणि बस दर थांब्याला उभी राहत होती. पांढऱ्या सदऱ्यात पुनाराम नवरदेवासारखे ताठ बसले होते. रचनाच्या शेजारी कटंगीहून माहेरी लांजीला निघालेली दीपिका नावाची एक तरुण पोरगी होती, वाटेत वंदनेला चिचटोल्याला उतरणारी. तिच्या मांडीवरच्या तान्ह्या मुलीने रचनाचं बोट जे पकडलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. एवढीशी मूठ, पण पकड कशी. दीपिका कौतुकाने म्हणाली की ही मोठेपणी काहीतरी हाताचं काम करणार.

पोचेपर्यंत वंदना सुरू झाली होती. दारापासून ओट्यापर्यंत पांढऱ्या कपड्यांतली माणसं मांडीला मांडी लावून बसली होती. पुढे जायला वाट नव्हती. पुनाराम पुरुषांच्या बाजूला सरकले, रचनाला दीपिकाच्या मागे जेमतेम जागा मिळाली. ती माना चुकवून मूर्तीच्या हाताकडे बघत राहिली. वर्ख होता. केसाएवढ्या कोपऱ्यावर होता. तिने पर्समधला कापूस मुठीत दाबून धरला आणि वंदनेबरोबर ओठ हलवत राहिली.

साधू, साधू, साधू म्हणताना सगळे वाकले. रचना वाकली नाही. म्हणून तिला दिसलं. वर्ख सुटला.

पंख्याच्या वाऱ्याने तो वर गेला, छताजवळ एक गिरकी घेतली आणि सावकाश उतरायला लागला. लोकांनी माना वर केल्या, कुजबुज झाली. सोनं आलं, सोनं आलं. इकडेतिकडे लेकरं उचलली गेली. तो पुरुषांच्या बाजूने वळला, बायांकडे आला. रचनाला त्याचं हलणं दिसत होतं. उतरतानाही, दोनदा लवकर, जरा थांबून एकदा.

तो दीपिकाच्या डोक्यावर आला. दीपिका हरखली. तिने दोन्ही हातांनी तान्हीला वर उचललं, आणि त्या पोरीने चमकणारी वस्तू बघून मूठ उघडली.

रचना उठली. आधी तिने पदर आडवा धरला. तो पदराला टेकला आणि घसरून पुढे गेला. कोरड्या कापडाला वर्ख धरत नाही, ही तर शिकाऊ माणसालाही ठाऊक असलेली गोष्ट. त्याला कातडी लागते. तेव्हा तिने मुठीतला कापूस टाकला आणि लेकराच्या तळव्याच्या वर आपला उजवा तळवा धरला. वर्ख तिच्या अंगठ्याच्या मुळाशी बसला. सुरकुती न पडता.

मग कोणी तरी म्हणालं की लेकराचं सोनं हिसकावून घेतलं या बाईने. दुसरी म्हणाली की मिठाईवाली आहे, हिला सोन्याचांदीचं कमी आहे का? दीपिकाने पोरीला छातीशी घेतलं आणि जरा पुढे सरकून बसली. पोरगी तेवढी मागे वळून रचनाकडे बघत हसत होती.

रचनाने पुरुषांच्या बाजूला पाहिलं. पुनारामांनी मान खाली घातली होती. दाराशी गोदाबाई उभी होती. तिने रचनाला दुरूनच हात जोडले.

७

घरी आल्यावर बाबा फक्त एवढं म्हणाले, "लेकराच्या हातचं घेतलं तू, रचू. मले वाटलं नव्हतं." रचनाने ऐकून घेतलं. उत्तर होतं, पण ते बाबांच्या हातातला कप काढून घेणारं होतं.

काही दिवस काहीच झालं नाही. ती वर्ख लावत होती, पूर्वीसारखाच. भास, भीती, वेडेपणा, असं ती रोज स्वतःला सांगायची आणि रोज अंगठ्याच्या मुळाशी घासून घासून धुवायची, तिथे डाग नव्हता तरी. मग एका सकाळी काजूकतलीवर सुरकुती पडली. दुसऱ्या दिवशी कागद हातात ठरेना. अश्विनने तिला जबरदस्तीने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं, वडिलांना काय होतं ते विचारलं आणि अशी दुखणी घराण्यात चालतात, असं सांगितलं. अश्विनचा जीव जरा भांड्यात पडला. कारण कळलं की माणसाला बरं वाटतं. रचनाही हो म्हणाली. खरंच ते कारण असेल. हात बाबांवर गेला, असं सगळे म्हणायचेच.

त्या दिवसापासून वर्ख अश्विन लावायला लागला. वाईट लावायचा, पण लोक वहिनींची तब्येत बरी नाही म्हणून घेऊन जायचे.

बाबांपासून तिने आठ-दहा दिवस हात लपवला. पदराखाली धरायचा, मांडीखाली दाबायचा, चहा नको म्हणायचं. पित्त होतं, असं तिने सांगितलं, आणि सांगता सांगताच तिला कळलं की आपण कोणाचं वाक्य बोललो. पुनाराम दारातून वळत होते ते थांबले. परत आले, तिच्यासमोर बसले आणि तिच्या मांडीवरचा पदर बाजूला केला.

अंगठा पहिल्या बोटावर घासत होता. त्यांनी बराच वेळ पाहिलं. दोन वर्षं ज्या माणसाने तो ताल रात्रंदिवस आपल्या हातात सोसला होता, त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. लेकराच्या तळव्यावर आडवा आलेला तो हात त्यांना आता आठवला असावा, कारण त्यांचा चेहराच उतरला.

"उद्या जाऊ चिचटोल्याले," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तुया हाताचा वर्ख लावून येऊ."

"नाही, बाबा."

"काहून?"

"तिथं राहत नाही ते. आपल्याच घरात राहू द्या."

पुनारामांनी तिने नको म्हटलेला कप उचलला आणि आपल्या स्थिर हाताने तिच्या तोंडाला लावला. ती प्यायली. बाबा रडत होते, पण कप हलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गल्ल्यामागे बसली. बाहेर अजून गारवा होता. अश्विन वर्खाचे कागद काढत होता, दोन गिऱ्हाइकं काचेवर वाकून मिठाई बघत होती. त्यातल्या एकीची नजर रचनाच्या हाताकडे गेली आणि तिथेच राहिली. रचनाने मागे हात नेऊन पंख्याचं बटन दाबलं. पाती फिरली. तिचा पदर उडायला लागला, काउंटरवरचे कागद, दाराचं तोरण, सगळंच हलायला लागलं आणि त्यात तिचा हातही.

"भाभी, पंखा तो बंद करो, ठंड है," गिऱ्हाईक म्हणालं. अश्विन वर्ख हातात धरून चिडून बटनाकडे आला.

रचनाने त्याचा हात अडवला.

"राहू दे चालू," ती म्हणाली. "बरं दिसते."